नाळेवर बसलेली बैठक

सन्माननीय अध्यक्ष आणि माझ्या नातीचे सासरे नानासाहेब, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते सोनोग्राफीचे डॉक्टर संघपाल वाहूळ, व्यासपीठावरील मान्यवर आणि पुंडलिकनगरच्या बंधुभगिनींनो,

पैठणच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. खिडकीतून गोदेचा वारा यायचा, पोरं डोलत कविता म्हणायची. कमळाच्या कवितेला मी फळ्यावर नुसता देठ काढायचो. फूल पोरांनी काढायचं. डोळे मिटले की तो वर्ग अजून ऐकू येतो. असो. म्हातारा माणूस, वाट सुटते.

माझी नात प्रांजली हिच्या पोटात डॉक्टरांनी पाहिला, तोही एक देठच. पाचव्या महिन्यात ते म्हणाले, "नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, इथं दोनच दिसतात. शिवाय नाळेवर पाण्याची छोटी गाठ आहे. बऱ्याचदा बाळ ठणठणीत असतं. कधी कधी मात्र गुणसूत्रांचा दोष निघतो. तपासून बघू."

'बघू' म्हणाले हो ते! पण आमच्याकडे काय झालं? बैठक बसली. लग्नाची सुपारी फोडायला जी मंडळी बसली होती, तीच आता नाळेवर बसली. अध्यक्षमहाशयांच्याच दिवाणखान्यात.

"आमच्यात असं कधी झालं नाय. खोट पोरीतच."

"सोयऱ्यांनी लपवलं असंल."

"मोकळं करा. दुसरं व्हईल की वर्षात."

आणि मला, "गुरुजी, पोहे गार व्हायले. घ्या की."

मंडळी, त्या पोह्यांची शिसारी आजतागायत गेलेली नाही. प्रांजली आत ओट्याशी उभी राहून सगळं ऐकत होती. आणि तिचा नवरा, आमचे नातजावई रामेश्वरराव? ते लिंबू पिळत होते.

दुसऱ्या दिवशी अख्खी बैठक दवाखान्यात.

"डॉक्टर, समद्यांचं एकमत झालंय."

"बाईंचं?"

"तिला काय कळतंय?"

"मग ज्यांना कळतंय त्यांनी बाहेर बसा."

आत प्रांजली एवढंच म्हणाली, "आधी बघा तर. दोष असला तरी माझं मी ठरवीन." डॉक्टरांनी बाळाचं हृदय पाहिलं, मूत्रपिंडं पाहिली, गर्भजल तपासायला पाठवलं. ते दिवस कसे गेले, ते विचारू नका. रिपोर्ट निर्मळ आला.

लगेच शहागंजातून पेढे! रिपोर्ट उलटा आला असता, तर याच हातांनी काय वाटलं असतं?

"पेढा कशाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"लेकरू बिनदोष निघालं ना!"

"आणि सुनेचा दोष? तो कुठं गेला?"

पेढा टेबलावरच राहिला. त्या दिवशी मी माणूस पाहिला.

प्रांजली बाळंतपणाला पैठणला आली, ती तिथंच राहिली. लेक आता चालायला लागली आहे. मघाशी चहाच्या वेळी अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, "गुरुजी, सून पाडव्याला येतीय म्हणून जाहीर करून टाका. चार माणसांत शोभंल." आमच्याकडे तिला न विचारता बरंच काही जाहीर झालेलं आहे. म्हणून मी मागच्या रांगेत जाऊन विचारून आलो. लेकीला मांडीवर घेऊन ती बसली आहे. म्हणाली, "सांगा आबा, मी येणार नाही. पुन्हा बैठक बसवली तरी नाही."

जाहीर केलं.

डॉक्टर, तुम्ही एक प्रश्न योग्य माणसाला विचारलात. त्याबद्दल या म्हाताऱ्याचा नमस्कार घ्या. संयोजकांनी मला माईक दिला, त्यांचे आभार. पुढच्या वेळी ते विचार करतील. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर डॉक्टरांनी आणि आपण सर्वांनी ते पोटात घालावं.

अध्यक्षांनी नाही घातलं तरी चालेल.