पितळेचा खिळा

किसन : थांबा, कोणी हलू नका! मशीनचा हा आवाज ऐकला? बारीक, स्वच्छ. खाली चांदी आहे.

प्रभावती : अहो, विहिरीवर इतके वाकू नका. मागल्या शुक्रवारीही चांदी चांदी करत पेप्सीचं झाकण काढलंत.

किसन : झाकणाचा आवाज भरडा असतो. ती खुरपी दे इकडे... हे पाह्य! बाप्पा, हा तर आपलाच रुपया! राजाचं डोकं आहे याच्यावर. बहारीनच्या मातीत आपला रुपया!

मुनीरा : इथे रुपयाच चालायचा, बेटा. माझी पोरं मोठी झाली, तोपर्यंत रुपयाच. दिनार मागून आला. बायका पाणी भरायचा, वाकला की कमरेतून पडायचा.

किसन : म्हणजे या काठाला अजून असतील, खाला!

प्रभावती : असतील. पण आपण रुपयांसाठी नाही आलो. खालांना त्यांचं माहेरचं घर बघायचंय म्हणून आलोय. उद्या इथे बुलडोझर फिरणार आहे, माहीत आहे ना?

किसन : अगं, दाखवायला घर तर सापडलं पाहिजे! मघापासून हिंडतोय. सगळ्या भिंती पडल्या, वरून माती बसली. एक उंचवटा दुसऱ्यासारखा.

मुनीरा : बरोबर बोलतो किसन. माझा घर ओळखायचा तर दाराशी खजूर होता. आता एक पण खजूर नाही. झऱ्याचा पाणी गेला, मग खजूर गेला, मग माणसं. माझा मुलगा सांगतो, उम्मी, खलास, तिथे नुसता माती आहे. चला आता घरी.

प्रभावती : इतक्या लांब येऊन असं कसं परत जायचं? अहो, तुमच्या या मशीनला घर कळत नाही का?

किसन : मशीनला धातू कळतो, दगड-चुना नाही. त्यातही लोखंडाचा आवाज मी बंदच करून ठेवतो. नाहीतर पावलापावलाला कोकलतं. अशा ओसाड जागी नुसते खिळेच खिळे.

मुनीरा : खिळे?

किसन : हो, गंजके. कचराच तो.

मुनीरा : माझ्या दारावर खिळे होता, बेटा. मोठा, टोपीवाला. हिंदुस्तानचा लाकूड आणि त्याच्यावर ओळीने खिळे. शेवटी एक कमी पडला, तर बापाने पितळेचा ठोकला. आई हसायचा. बोलायचा, आपल्या घराला सोन्याचा दात आहे.

प्रभावती : ऐकलंत? करा लोखंड सुरू.

किसन : प्रभा, बॅटरी संपत आलीय. लाल दिवा लागलाय. एक तर विहिरीचा काठ होईल, नाहीतर हे. आणि असा काठ पुन्हा नाही मिळायचा. जुफैरच्या त्या गोऱ्या साहेबाकडून मशीन घेतल्यापासून अशीच जागा शोधतोय मी.

प्रभावती : जरा इकडे या. त्यांना ऐकू जायला नको. मी दवाखान्यात पडले होते, तुम्हाला केबलच्या कामातून सुट्टी मिळेना आणि आपल्या श्रावस्तीच्या अंगभर कांजिण्या. बिल्डिंगमधल्या एकीने तरी दार उघडलं होतं का? घरमालकीण असून या बाई वर आल्या, पोर उचलली आणि खाली नेऊन स्वतःच्या पलंगावर निजवली.

किसन : विसरलो नाही मी. पोरगी अजून त्यांच्याच हातचा भात मागते.

प्रभावती : मग?

किसन : मग काय? खाला, सांगा मला, विहिरीपासून तुमचं घर कोणत्या अंगाला?

मुनीरा : विहिरीकडे पाठ कर. आता सरळ. आई दारातून हाक मारायचा, मी पाणी भरता भरता ऐकायचा. तेवढाच लांब.

(किसन बटण फिरवतो. गेली कित्येक वर्षं टाळलेला तो घोगरा आवाज आज तो कान देऊन ऐकतो आहे. मुनीरा प्रभावतीचा हात धरून मागे चालते आहे.)

प्रभावती : हे कोकललं!

किसन : नाही, हा नुसता ढीग आहे. ओळ नाही. पुढे चला... इथेही नाही... थांब. एक. वीतभर अंतरावर दुसरा. इकडे तिसरा. प्रभा, प्रत्येक आवाजावर एक खडा ठेव.

प्रभावती : अहो, सरळ रेघ येतेय! आणि ही खाली दुसरी!

किसन : दार आतल्या बाजूला पडलंय. लाकूड वाळवीने खाल्लं, पण खिळे जागच्या जागी. खाला, हे दारच आहे!

मुनीरा : असा दार सगळ्यांकडे होता, बेटा. शेजारच्या यूसुफकडे पण, त्याच्या भावाकडे पण.

किसन : शेवटची ओळ राहिलीय. मशीनबाई, आता मरू नको... लोखंड... लोखंड... लोखंड... अरे!

प्रभावती : काय झालं?

किसन : आवाज बदलला. हे लोखंड नाही. खुरपी!

प्रभावती : हळू. बोटांनी काढा.

किसन : हिरवा पडलाय. शर्टाला घासतो जरा. खाला, हात पुढे करा.

मुनीरा : या अल्लाह... सोन्याचा दात.

प्रभावती : खाला, बसा तुम्ही. पाणी देऊ?

मुनीरा : नको, बेटी. मला दारातून आत जायचा. दार इथे, तर चूल त्या बाजूला. आणि ह्या हाताला ती खोली.

प्रभावती : कोणती खोली?

मुनीरा : मी लहान होता, तेव्हा मला देवी आला. गावात सगळ्यांनी दार बंद केला. आई मला घेऊन ह्या खोलीत बसला. बोलला, माझी पोरगी एकटी नाही राहणार. मी बरा झाला. मग आईला आला. आईचा एक डोळा गेला.

प्रभावती : तुम्ही कधी बोलला नाहीत हे.

मुनीरा : बरा झाला तर बापाने मला मुंबईला नेला, मोती विकायला जायचा तेव्हा. तिथे शेजाऱ्यांकडून तुमची मराठी शिकला. परत आला, लग्न झाला, सासरी मुहर्रकला गेला. आई गेला तेव्हा मी बाळंतीण. मला येऊ नाही दिला. मग मीच कधी आला नाही. आईला शुक्रिया बोलायचा राहिला, प्रभा. एकदा पण नाही बोलला.

प्रभावती : म्हणून तुम्ही आमच्या श्रावस्तीला...

मुनीरा : तुझ्या पोरीला कोणी घेत नाही बघितला, तर मला आई दिसला. मी काय नवा केला?

प्रभावती : मग आमचाही सलाम सांगा त्यांना. त्या तुमच्याजवळ बसल्या, म्हणून आमच्या पोरीला कोणीतरी जवळ घेतलं.

किसन : मशीन बंद पडलं. खलास.

मुनीरा : तुझा रुपये राहिला ना, बेटा, विहिरीवर? माझ्यामुळे.

किसन : काहून असं बोलता, खाला? आजवर मी किती काय काय काढलं जमिनीतून. आणे, बांगड्या, कुलपं. पण ते कोणाचं होतं, हे कधीच कळलं नाही. आज पहिल्यांदा वस्तू ज्याची त्याच्या हातात दिली. शुक्रिया तर मी म्हणायला पाहिजे.

मुनीरा : खिळा मी नेतो. मुलाला दाखवतो. माती आहे बोलतो ना!

प्रभावती : दाखवाच. सांभाळून, इथे उंबरा असेल.

मुनीरा : आहे, पायाला लागला... आता बाहेर काय उभा राहिला दोघं? आत या. आईला भेटा.

प्रभावती : अहो, चपला काढा.