मोतीबेटाचा बंधारा

गोपाळकृष्ण : ...म्हणून म्हणतो, उमा, मोतीबेटाच्या चौथ्या भागाचं शेवटचं प्रकरण आजच्या आज दे. पंच्याऐंशीच्या दिवाळीत पहिला भाग काढला, तेव्हा पन्नास प्रती जातील म्हणून हसले होते मला. आज सकाळी देवरूखच्या मुली दोन एस.टी. बदलून छापखान्यात आल्या. विचारतात, आजोबा, मोतीबेट तरतं की बुडतं?

उमा : काका, एक दिवस द्या अजून. राणी मैना जेमतेम बारा वर्षांची. तिच्या सभेतले सगळे बगळे प्रधान शंखपाळाने मासळी चारून फोडलेत. पौर्णिमेला उधाणासुर येणार. एवढा गुंता सोडवायचाय मला.

गोपाळकृष्ण : निदान मला तरी सांग गो. बुवांनी आख्यान ऐन रंगात आणून ठेवायचं आणि हार घालून घ्यायला थांबायचं, तसं झालंय. तिसऱ्या भागातला तो बंधारा! वरून जांभ्याचे चिरे, आत नुसता चिखल. आपला कंपोझिटर आत्माराम खिळे जुळवता जुळवता थांबला आणि म्हणाला, मालक, ह्या प्रधानाला मी घरात घेतला नसता.

(छापखान्याच्या दारात बंधारा समितीचे अध्यक्ष महिपतराव. हातात मोतीबेटाचा तिसरा भाग.)

महिपतराव : ही गोष्ट लिवणाऱ्या मास्तरीणबाई तुमीच काय?

उमा : हो, मीच. बसा ना.

महिपतराव : बसायला नाय आलो. चौथा भाग निघता कामा नये. काका, तुमी पण ऐका. निवडणूक तोंडावर आली आणि इथं माझी बदनामी छापताय.

गोपाळकृष्ण : महिपतराव, मुलांची गोष्ट आहे ती. त्यात बगळे बोलतात.

महिपतराव : बगळे बोलूंदेत. प्रधान कोण ते सांगा.

उमा : शंखपाळ. त्याला शेपूट आहे.

महिपतराव : शेपूट राहूदे. खाडीकडच्या टोकाला तीस हात नुसता चिखल भरलाय, हे तुमाला कोणी सांगितलं? काशीराम मुकादमानं ना?

उमा : कोण काशीराम?

महिपतराव : सोंग नको, बाई. खाजणवाडीच्या बंधाऱ्यावर त्या दिवशी आमी तिघंच होतो. मी, काशीराम आणि इंजिनेर. चौथं माणूस नाय. मग पुस्तकात आलं कसं?

गोपाळकृष्ण : महिपतराव...

महिपतराव : काय?

गोपाळकृष्ण : पुस्तकात चिखल आहे. तीस हात कुठेच नाही. खाडीकडचं टोकही नाही. अक्षर अन् अक्षर मी तपासलंय.

उमा : आणि खाजणवाडी मी पाहिलेलीसुद्धा नाही. सगळं मनानं रचलं होतं.

गोपाळकृष्ण : रामराया, काय रे तुझी लीला. कीर्तनात अस्संच होतं बघा. बुवा डोळे मिटून लोभाचं निरूपण करतात, आणि मागे खांबाला टेकलेल्या एखाद्याला वाटतं, माझंच नाव घेतलं.

उमा : काका, थांबा जरा. आज नवमी. पौर्णिमेच्या उधाणाला सहा दिवस राहिले. महिपतराव, बंधाऱ्याच्या आतल्या बाजूला काय आहे?

महिपतराव : भात. पोटरीला आलंय, लोंबी फुटायची बाकी.

उमा : आणि?

महिपतराव : चौदा घरं. त्यात सखूआत्याचं. माझ्या बापाची बहीण.

उमा : त्यांना ठाऊक आहे?

महिपतराव : कोणत्या तोंडानं सांगू? तुमी आता छापणार काय हे?

उमा : गोष्ट तुमच्यावर लिहिली नव्हती, आणि तुमच्यासाठी खोडणारही नाही. पण खाजणवाडीला मी दुपारच्या एस.टी.नं जाते. चौदा घरांना आजच कळायला हवं.

गोपाळकृष्ण : मीही येतो. मशीन आत्माराम बघेल.

महिपतराव : बाई, हे पुस्तक माझं नाय. माझ्या पोरीचं, राहीचं. जेवताना मोठ्यानं वाचते, सगळ्या घराला ऐकवते. काल मला विचारलंन, बाबा, हा प्रधान आधीपासूनच वाईट होता काय?

उमा : तुम्ही काय म्हणालात?

महिपतराव : भात कालवत बसलो. ...काय होतं त्याचं शेवटी?

उमा : अजून ठरलेलं नाही. उधाणासुर यायला सहा दिवस आहेत आणि प्रधान एकटाच बंधाऱ्यावर उभा आहे, इथपर्यंत लिहून झालंय.

गोपाळकृष्ण : फोन तिथे कोपऱ्यात आहे, महिपतराव.

महिपतराव : ...हॅलो. काशीराम? गडी किती मिळतील? सगळे आण. चिरे पण, असतील तेवढे. खाडीकडच्या टोकाला. ...नाय, फोटोवाल्याला कळवू नको. ...सखूआत्याला तू काय बोलू नको. तिला मी सांगतो.