घराण्याचं बोट

आता तुम्हीच सांगा, माणसाचं बोट वाकडं झालं म्हणून कुणी पेढे वाटतं का? नाही ना? वाटले! आमच्या हेंद्रेपाड्यात वाटले! आणि कुणी, तर सख्ख्या चुलतभावानं, बाळानं, घरोघर जाऊन, "घ्या, तोंड गोड करा, आमच्या बुधाजीला बोट आलं!" असं म्हणत... जसा काय मुलगा झाला! आणि ज्याचं बोट, तो बुधाजी ओटीवर बसलेला, दोन्ही हात गरम पाण्याच्या टोपात, आणि बायको काशी त्याला पेढा भरवतेय, कारण त्याला स्वतःला तो धरता येत नव्हता. मी शेजारी, मला राहवेना, विचारलं, "काय रे, कसं वाटतंय?" तर म्हणाला, "काय नाय वाटत." संपलं! तुम्हाला सांगतो, या माणसाला काही वाटतच नाही!

थांबा, पेढे कळायचे तर आधी बोट कळायला पाहिजे. या घराण्यातल्या माणसांची करंगळी जन्मापासून वाकडी, आत वळलेली. आजा तसा, बाप तसा, चुलते तसे, बाळा तसा, बाळाची नातवंडं तशी. दुखत नाही, खुपत नाही, काही अडत नाही, नुसती वाकडी. पण रुबाब केवढा! बारशाला पोराचं नाव ठेवायच्या आधी मूठ उघडून करंगळी बघतात! आणि गावदेवीच्या जत्रेत मानाचा नारळ कुणी वाढवायचा, तर वाकड्या करंगळीच्या सगळ्यात थोरल्या माणसानं, हा नियम. आणि या सगळ्या गोतावळ्यात एकटा बुधाजी... सरळ! दहाच्या दहा बोटं फूटपट्टीसारखी! लहानपणी सगळे चिडवायचे, "तुला बोहारणीकडून घेतला रं, जुन्या लुगड्यावर!" पोरं चिडवतातच, मान्य, पण साठीनंतरसुद्धा? लग्नात फोटोला सगळे करंगळ्या पुढे करून उभे, आणि बुधाजी कुठे? मागे, नारळाच्या गोणीजवळ. सांभाळायला! मला त्याच्या वतीनं असा राग यायचा ना, की आहेराचं पाकीट परत खिशात घालून निघून जावं. त्याला? काही नाही. गोणी सांभाळायचा.

बरं, गेल्या दिवाळीत पहिल्या आंघोळीला उठला तर मूठच मिटेना. मनगटं सुजलेली, खांदे जाम, उन्हं ओटीवर येईपर्यंत हात म्हणजे लाकूड. शर्टाची बटणं काशीनं लावायची, तोंडही काशीनं धुवायचं. मग सुरू झाले सल्ले! "वय झालं, चालायचंच." "वात आहे वात, वांगं सोड." "रात्रीचं दही खातोस ना, तेच ते!" एक जण म्हणाला निर्गुडीचा पाला बांध, दुसरा म्हणाला पाला सोड आणि लसणीचं तेल लाव, मेडिकलवाल्यानं न विचारता गोळ्या दिल्या. बुधाजीनं वांगं सोडलं, दही सोडलं, तंबाखू तेवढी नाही सोडली, कारण ती सोड असं कुणी म्हणालंच नाही! आणि होळीपर्यंत उजवी करंगळी आखडून जी आत वळली, ती वळलीच.

बाळा आला होता पुरणपोळी द्यायला. त्यानं ते बोट बघितलं, ताट तिथंच ठेवलं, आणि... अहो, रडला! मोठ्यानं! "अरं बुध्या, आलं रं आलं! आपलं बोट आलं! उशिरा आलं पण आलं!" आणि अशी मिठी मारली की खांद्यातून कळ गेली बुधाजीच्या. तिथंच जाहीर केलं, यंदा नारळ बुधाजीचा. आता इतकी वर्षं तो नारळ बाळाच वाढवायचा, पण वयानं बुधाजी मोठा, आणि बाळा कसा, तर नियम म्हणजे नियम! वाईट माणूस नाही हो तो... तीच तर पंचाईत आहे.

बुधाजीची सून मात्र खमकी. स्वप्नाली, अंबरनाथला नोकरीला आहे, चार लोकांत वावरते. ती म्हणाली, "काका, ही खूणबीण काही नाही, आजार आहे हा! स्पेशालिस्टकडे चला, आत्ताच्या आत्ता, लेट झालं तर बाबांचे हात कायमचे जातील!" तर बाळा कसा म्हणतो, "सूनबाय, जत्रा होऊ दे गं. आत्ता औषधानं सूज उतरली, बोट सरळ झालं, मग नारळ कुणी वाढवायचा?" ऐकलंत? म्हणजे माणूस बरा होईल ही भीती! स्वप्नालीनं सासऱ्याकडे बघितलं, काशीनं नवऱ्याकडे बघितलं, मीपण बघितलं. बुधाजी म्हणाला, "होऊ दे जत्रा." काशीनं त्या रात्री त्याला जेवण भरवलं, ते तोंड फिरवून. मी दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, वाईट नाही वाटलं? "काय नाय वाटत." हद्द झाली!

जत्रा आली. बुधाजीला फेटा बांधला, पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे उभा केला, मागे ढोल, मोबाइल वर करून पन्नास माणसं, आणि बाळानं नारळ हातात दिला. दिला म्हणजे काय, ठेवला. धरणार कसा? बोटं मिटतात कुठे? पुजाऱ्यानं गजर केला, बुधाजीनं हात वर नेले, अर्ध्यावर खांदा अडला, आणि नारळ सुटला तो सरळ बाळाच्या पायाच्या अंगठ्यावर! तिथून पायरीवर, आणि फुटला! दोन शकलं! आणि बाळा, डोळ्यांत पाणी, एका पायावर उभा, ओरडतो कसा, "देवीनं सोताच्या हातानं घेतला रं!" झालं! ढोल सुरू! काशी तेवढी पुढे झाली आणि नवऱ्याचे हात तिनं खाली आणले, कारण ते वरच राहिले होते.

आता कुणालाच थांबायला कारण उरलं नाही. स्वप्नालीनं अपॉइंटमेंट घेतली, उल्हासनगर कॅम्प तीनला, खाली जीन्सचं दुकान, वर सांध्यांच्या डॉक्टर मॅडम. बुधाजी, स्वप्नाली, मी, आणि बाळा लंगडत, कारण प्रश्न घराण्याच्या बोटाचा! मॅडमनी एकेक सांधा दाबून बघितला, रक्ताचे रिपोर्ट बघितले, आणि विचारलं, "काका, घर में और किसी को है?" बाळानं फटकन करंगळी पुढे केली. "सगळ्यांनाच हाय, मॅडम! पिढ्यान् पिढ्या!" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "अहो, हे जन्मापासूनचं आहे, हा आजार नाही. यांचं वेगळं आहे. यांचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय. उतारवयातपण सुरू होतं हे." बाळाचं तोंड उतरलं, पण सोडतो कसला! "पण रक्तातूनच आलं असंल ना?" मॅडम म्हणाल्या, "थोडं रक्तातून येतं, थोडं तंबाखूतून, थोडं कुठून येतं ते आम्हालापण नीट सांगता येत नाही. घरात कुणाला सकाळी हात आखडायचे का? मनगटं सुजायची?" बाळा म्हणाला, "नाय बा." आणि बुधाजी म्हणाला, "आयला व्हायचं."

तुम्हाला सांगतो, मग तो बोलायला लागला. बुधाजी एका सुरात, भिंतीकडे बघत, "सकाळी तवा धरता यायचा नाय तिला. बोटं अशीच झालेली. आजी बोलायची, ढोंग करते, कामचोर हाय. ती हात पदराखाली ठेवायची." त्याच घरात, बघा! लेकाचं बोट वाकडं तर मानाचा नारळ, आणि सुनेचं वाकडं तर ढोंग! मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं, "औषध काही दिलं होतं का त्यांना?" बुधाजी म्हणाला, "शिव्या दिल्या व्हत्या."

मग गोळ्या समजावल्या. ही आठवड्यातून एकदाच, रविवारी, रोज घेतली तर जिवावर बेतेल, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं, तंबाखू आजपासून बंद. करंगळी वाकली ती वाकली, बाकीची नऊ वाचवू, म्हणाल्या. परतताना रिक्षात बसलो. विठ्ठलवाडी मागे पडली तसा बाळा हळूच म्हणतो, "बुध्या, म्हंजे तुझं बोट काकीकडचं." "हां." "म्हंजे आपलं नाय." "नाय." "मग पुढल्या साली नारळ..." "तू वाढव." बाळानं मान खाली घातली, बिचाऱ्याला खरंच वाईट वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम!

आता बुधाजीला बरं आहे. चहाचा कप स्वतः धरतो, खालची दोन बटणं स्वतः लावतो, दर रविवारी काशी गोळी पुढे करते. परवा ओटीवर मी पुन्हा तेच विचारलं, माझी खोड! म्हटलं, एवढी सूज उतरली, आता तरी काही वाटतं का? तर गोळी तशीच तळहातावर धरून बसला होता. म्हणाला, "अरे, अडुसष्ट वर्षांनी कळलं मी कुणावर गेलोय... आणि आता ते उतरवायला गोळी घ्यायची." आणि घेतली. पाण्याबरोबर.