उजवीकडे वळलेला हत्ती

...नाही, मी म्हणतो, हरलात ना? मग हरलात! किती वर्षं झाली हो! राजाचे दोन मुलगे गादीसाठी एकमेकांच्या उरावर बसले, थोरला जिंकला, धाकटा पळाला, लोक आपापल्या घरी गेले, संपलं! पण आमच्या सासऱ्यांचं संपलं नाही. एवाग्रोस त्यांचं नाव. धाकट्याच्या फौजेत भालाईत होते, पकडून इथे अपामियात आणले, इथेच राहिले, आणि तुम्हाला सांगतो, ती लढाई रोज संध्याकाळी माझ्या जेवणाच्या मेजावर होते. रोज! ऑलिव्ह म्हणजे घोडदळ. माशाचे काटे म्हणजे भालाईत. शेळीच्या चीजचा गोळा म्हणजे टेकडी, तिला हात लावायचा नाही! आणि मधोमध एक सुकं अंजीर... तो हत्ती. थोरल्याचा. सरळ आला असता तर यांनी खणलेल्या खंदकात पडणार होता. पण आला का? नाही! उजवीकडे वळला आणि थेट यांच्या फळीत!

"सरळ आला असता ना, जावईबापू," सासरे म्हणतात, "तर आज धाकटे महाराज गादीवर असते, मी बाबिलोनचा सुभेदार असतो, आणि तुम्ही..." इथे मला वरपासून खालपर्यंत बघतात... "तुम्ही असता कुठेतरी."

कारण मी काय करतो? थोरल्याच्या फौजेतल्या हत्तींच्या झुली शिवतो. म्हणजे शत्रूचा शिंपी! बरं, बायकोनं तरी बाजू घ्यावी? मिर्तो म्हणते, "बाबा सुभेदार झाले असते तर मी इथे कांदे सोलत बसले असते का?" घ्या! म्हणजे आमचा संसार कशामुळे झाला? देवाच्या कृपेनं? माझे गुण बघून? छे! हत्ती उजवीकडे वळला म्हणून!

असो. तर आमच्या मुलीचं, फिलिनाचं लग्न ठरलं. दामोन, नदीवर होड्या बांधतो, पोरगा सोन्यासारखा. भानगड एकच... त्याचे वडील बोएथोस थोरल्याच्या फौजेत होते. साधेसुधे नाहीत हो, शौर्याचा मुकुट मिळालेले! शत्रूच्या फळीत एकटे घुसलेले वीर! मी मिर्तोला बजावलं, "तुझ्या वडिलांना यातलं काही कळता कामा नये." नाही कळू दिलं. वाङ्‌निश्चयाला बोएथोस आले... मुकुट घालून!

सासऱ्यांनी बघितलं. मी डोळे मिटले. आता हे फुशारकी मारणार, ते पेटणार... पण बोएथोस बसले आणि काय म्हणाले ठाऊक आहे? "कसलं काय आजोबा! जिंकून मिळाली काय, तर दगडांची जमीन. हरलो असतो तर बरं झालं असतं! धाकटे महाराज फार दिलदार, पकडलेल्या माणसाला पंगतीला घ्यायचे म्हणे. आज मी त्यांच्या मुदपाकखान्याचा मुख्य असतो!"

ऐकलंत? हरलेल्याला जिंकायचं होतं, जिंकलेल्याला हरायचं होतं, आणि मी, ज्यानं आयुष्यात सुईपलीकडे शस्त्र धरलं नाही, त्याचा मासा गार होतोय!

मग काय, मांडली लढाई. ऑलिव्ह इकडे, काटे तिकडे. सासऱ्यांनी अंजीर ठेवलं आणि विचारलं, "खरं सांगा, हत्ती वळला कसा? तुमच्या सेनापतीची चाल होती ना?"

बोएथोसांच्या पोटात तोवर बरीच दारू गेलेली. "चाल? हॅ! माझ्या झोळीत खजूर होते."

"...काय?"

"खजूर. हत्तीला वास लागला. तो मागे, मी पुढे. मी उजवीकडे पळालो म्हणून तोही उजवीकडे. वाट दिसली तिकडे धावलो, ती वाट नेमकी तुमच्या फळीतून होती. महाराजांना लांबून वाटलं, केवढा शूर!"

तुम्हाला सांगतो, सासऱ्यांचा चेहरा... "म्हणजे माझा सुभा," ते म्हणाले, "खजुरापायी गेला?" आणि उठलेच! "मोडलं! हे लग्न मोडलं!" बोएथोसही उठले, "मोडा!" दामोन बिचारा पांढराफटक. तेवढ्यात बायकांच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि फिलिना बाहेर. "आजोबा! हत्ती दामोनच्या बाबांना तुडवून गेला असता तर दामोन जन्मलाच नसता! मग मी कोणाशी लग्न केलं असतं?"

"याच्याहून बऱ्याशी!"

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि मला काय झालं कोण जाणे, मी हात लांब केला, अंजीर उचललं आणि खाल्लं! सबंध! एवढ्या वर्षांत त्या हत्तीला कोणी बोट लावलं नव्हतं. चावायचा आवाज घरभर. "हत्ती मेला," मी म्हटलं. "आता वाढा."

सासरे मटकन बसले. त्यांनी अंजिराच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाले, "त्या फळीत माझा भाऊ होता. आल्किमोस. मला वाटायचं, कोणाच्या तरी मोठ्या डावात गेला..."

मला ठाऊकच नव्हतं हो! रोज ती लढाई बघत होतो, आणि भावाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बोएथोसांनी मुकुट काढून मांडीवर घेतला. "मी पडलो होतो," ते म्हणाले. "तुमच्यातल्याच कोणीतरी मला ओढून बाजूला टाकलं. तो स्वतः हत्तीच्या वाटेत राहिला."

"लाल दाढी होती?"

"...आठवत नाही. खोटं कशाला सांगू, डोळे मिटले होते मी."

"लालच असणार," सासरे म्हणाले. "तो तसाच होता." आणि स्वतःच्या हातानं बोएथोसांचा प्याला भरला. मीही मग घाईघाईनं दामोनला मुलीचा शब्द देऊन टाकला, पुन्हा कोणाला काही आठवायच्या आत!

लग्न झालं. छान झालं. आता दोघे म्हातारे रोज येतात माझ्याकडे, एका बाकावर बसतात, एकमेकांशिवाय घास उतरत नाही. लढाई बंद! मला वाटलं, चला, सुटलो.

परवा फिलिना बाळंत झाली. जुळे. दोन्ही मुलगे!

दोघा म्हाताऱ्यांनी एकेक वाटून घेतलाय. थोरला बोएथोसांचा, धाकटा सासऱ्यांचा!