दुसरीच्या नावाचा डबा

माईक जरा खाली घेता का, भाऊ? हां, बास बास. काकू इथं असत्या तर म्हणाल्या असत्या, "पोरी, तुला कशाला लागतोय माईक? तुझा आवाज नदीच्या पल्याड जातो." आज तो आवाज कुठं गेलाय, मलाच कळत नाही. थांबले मधेच, तर थोडं सांभाळून घ्या.

सोपानभाऊ, मनीषावहिनी, मखमलाबादची सगळी मंडळी, आणि भाजीबाजारातल्या रांगेतल्या माझ्या सगळ्या मावश्या. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी माहीत आहे, निम्मे विचारत असतील ही कोण. मी हिरा. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळच्या जीपने आले. यमुनाकाकू माझ्या नात्यातल्या कोणी नव्हत्या. ना जातीच्या, ना गावच्या, ना भाषेच्या. पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही आणि माझं त्यांना. तरी आज काकू जाऊन दहा दिवस झाले, माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाही.

हा डबा बघा. मागच्यांना दिसतोय ना? स्टीलचा, एका बाजूला पोचा आलेला. ह्या डब्याबद्दलच बोलणार आहे. दुसरं मोठं काही मला बोलता यायचं नाही.

पाचवीत मला इथल्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. आई-बाप कामाला डोंगरावरून खाली उतरायचे, आमच्याकडं भात आणि नागली निघाली की पुढं काम नसतं. वसतिगृह देणग्यांवर चालायचं. देणग्या म्हणजे काय, तर महिन्यातून एकदा कोणीतरी गाडीतून यायचं, आम्हाला रांगेत उभं करायचं, आम्ही एक गाणं म्हणायचं, मग बिस्किटाचा पुडा हातात, मग फोटो. पुडा हातात दिसला पाहिजे असा फोटो. मी आजही त्यांना नावं ठेवत नाही, बिस्किटं गोडच होती. पण बिस्किटं खाऊन संध्याकाळी पुन्हा पातळ वरणात डाळ शोधायची, हे काही त्यांना दिसायचं नाही.

आणि मग काकू. काकूंचं देणं कसं होतं, ते रांगेतल्या मावश्यांना विचारा. पहाटे भाजी लावली की पहिल्या दहा जुड्या वसतिगृहासाठी बाजूला. मेथी, कोथिंबीर, आणि तो शेपू! काय सांगू, सहा वर्षं शेपू खाल्लाय मी. पण बाजूला कधी, तर भवानी व्हायच्या आधी. आता बाजारात बसणाऱ्याला माहीत आहे, पहिली विक्री झाल्याशिवाय, भवानी झाल्याशिवाय, फुकट काही द्यायचं नसतं. दिवस वाईट जातो म्हणतात. शेजारच्या मावश्या काकूंवर चिडायच्या. इथं बसलेल्याच आहेत, हसू नका मावशी, तुम्हीच सगळ्यात जास्त चिडायच्या! "यमुने, संध्याकाळी उरलेलं दे की, कोण नको म्हणतंय?" त्यावर काकू काय म्हणायच्या? "उरलेलं उकिरड्याला देत्यात. पोरींची जुडी हीच माझी भवानी."

असं त्यांनी म्हटलं, आणि धंदा काही बसला नाही. मग एकीनं सुरू केलं, मग दुसरीनं. मी आठवीत गेले तोवर अख्खी रांग आधी वसतिगृहाची टोपली भरायची आणि मग तराजू हातात घ्यायची. पातळ वरणात डाळ शोधायचं बंद झालं. एवढंच झालं, दुसरं काही नाही. पण पोट भरलेल्या पोरीला पाढे आठवतात हो. उपाशी पोरीला फळ्यावरची अक्षरंसुद्धा हलताना दिसतात. मी आज रोज वर्गात बघते, म्हणून सांगते.

टोपली आणायला शनिवारी मी जायचे. पहिल्याच शनिवारी काकूंनी हा डबा वेगळा हातात दिला. आत ठेचा आणि बाजरीची भाकरी. "हे तुझं. बाकीच्यांना सांगू नको, भांडतील." खाल्लं. आता डबा परत द्यायचा. आणि माझ्या आईने घरातून निघताना एकच शिकवण दिली होती, "रिता भांडा नको धाडू, पोरी." कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. आमच्याकडेही तेच, तुमच्याकडेही तेच. घरी असते तर मूठभर नागली टाकली असती, उन्हाळ्यात करवंदं टाकली असती. वसतिगृहात काय टाकू? माझ्या पेटीत दोन फ्रॉक आणि एक कंगवा.

मग मी चोरी केली. हो, सांगते सगळ्यांसमोर. कोठीतून मूठभर साखर घेतली आणि डब्यात टाकली. अधीक्षक बाईंनी पकडलं. कान धरून मला रांगेत आणलं, काकूंच्या समोर. "बघा, तुम्ही जिला खायला घालता, ती चोर निघाली." मी रडतेय, गिऱ्हाइकं बघतायत, माझं तोंड असं झालेलं.

काकूंनी डबा उघडला. साखर बघितली. मला विचारलं, "खायला घेतली होती?" मी म्हटलं, "नाही. डबा रिकामा कसा द्यायचा?" काकूंनी साखर एका कागदात ओतली. मग बाईंना म्हणाल्या, "बाई, साखर घेऊन जा तुमची. पोर राहू द्या इथं जरा." आणि बाई गेल्यावर मला म्हणाल्या, "डबा भरायला साखरच लागती व्हय? तुला येतं काय?"

मला काय येतं? मी विचार केला. म्हटलं, "वाचायला येतं."

"मग वाच. काय लिवलंय ते वाच."

आणि हा डबा माझ्यासमोर धरला. झाकणावर नाव कोरलेलं होतं, आपल्याकडं लग्नात भांड्यांवर कोरतात तसं. मी बोट ठेवून वाचलं. सौ. पार्वती. पुढचं घासून गेलं होतं.

मी घाबरत म्हटलं, "काकू, हा डबा तुमचा नाही."

वीस वर्षं! वीस वर्षं काकू हा डबा आपला समजून वापरत होत्या. लग्नातला आपला डबा म्हणून. कुठल्यातरी बारशात नाहीतर वास्तुशांतीत अदलाबदल झाली असणार. काकू जोरजोरात हसायला लागल्या. "अगं बया! म्हणजे माझा डबा त्या पार्वतीच्या घरी मजा मारतोय की!" सगळी रांग हसली. मीही हसले, डोळे पुसत पुसत.

मग काकूंचं हसणं थांबलं. त्या झाकणावरून अंगठा फिरवत बसल्या. म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाय गं. रोज घासते, रोज हातात घेते. माझ्या हातात दुसरीचं नाव हाय, आणि मलाच ठाव नाय." दुसरीत त्यांची शाळा सुटली होती. धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून. हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं, आणि पुन्हा कधीच सांगितलं नाही.

त्या दिवसापासून ठरलं. काकू डब्यातून जे देतील ते मी खायचं, आणि डबा परत देताना आत एक कागद. आणि नुसता कागद नाही, उभं राहून वाचून दाखवायचं. कधी धडा, कधी सतराचा पाढा, कधी सामान बांधून आलेल्या पेपरातली बातमी. इकडं "मेथी कशी दिली?" चाललंय, तिकडं मी वाचतेय. गिऱ्हाईक मधे बोललं तर काकू म्हणायच्या, "थांबा जरा, पोरगी वाचतीया." वाचून झालं की झाकण लावायच्या आणि एकच शब्द म्हणायच्या. "भरला."

तुम्हाला सांगते, मला आयुष्यात पुष्कळांनी दिलं. सरकारनं दिलं, देणगीदारांनी दिलं, मी कोणाचंच नाकारत नाही. पण घेणाऱ्याच्या हातातून परत काहीतरी मागून घेणारी ही एकच बाई मला भेटली. बाकीच्यांसमोर मी गरीब होते. काकूंसमोर मी वाचणारी होते. कळतोय का तुम्हाला फरक?

आठवीत दिवाळीनंतर बाबा मला न्यायला आले. द्राक्षाच्या कामावर जायचं होतं, धाकटा तीन वर्षांचा, त्याला सांभाळायला मी. बाबा वाईट नव्हते हो. दुसरा मार्ग नव्हता. मी पेटी भरली. बाबांना म्हटलं, एवढा एक डबा देऊन येऊ, मग जाऊ.

काकूंना कळलं. मला वाटलं भांडतील. भांडायला त्या कोणाला भ्यायच्या नाहीत, माहीत आहे तुम्हाला. पण त्या बाबांना म्हणाल्या, "बसा, दादा. पोरीचं वाचून झालं की जावा." आणि मला म्हणाल्या, "वाच."

मी धडा वाचला. बाबा जमिनीवर उकिडवे बसले होते. त्यांनी मला वाचताना कधी ऐकलंच नव्हतं. कुठं ऐकणार? वाचून झालं, काकू म्हणाल्या, "भरला." बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "आणखी वाच."

मी दुसरा धडा वाचला. मग तिसरा.

त्याच संध्याकाळी काकूंनी शेजारच्या द्राक्षबागेत बाबांचं आणि आईचं काम लावून दिलं. इथंच, मखमलाबादला. धाकटा दिवसभर काकूंच्या अंगणात कोंबड्यांच्या मागं पळायचा आणि मनीषावहिनी त्याला भरवायच्या. वहिनी, आठवतंय? काकूंच्या घरात नवी नवरी होतात तुम्ही, आणि आल्या आल्या दुसऱ्याचं पोर कडेवर. मी शाळेत राहिले. दहावी झाले, डीएड झाले, बाई झाले.

एवढीच गोष्ट आहे. पण आता जे सांगायचंय ते मला जड जातंय.

श्रावणात मी काकूंना भेटायला आले होते. निघताना नेहमीसारखा हा डबा हातात. आत गूळ घातलेल्या पुऱ्या. म्हणाल्या, "पुढच्या शनवारी आण." मी म्हटलं, "काकू, आता मी मोठी झाले, शनिवार कुठला, येईन सुट्टी मिळाली की." पुढच्या शनिवारी प्रशिक्षण लागलं. त्याच्या पुढच्या शनिवारी रस्ता वाहून गेला, जीप नाही. मग सर्वेक्षण, मग परीक्षा. काकूंचा फोन आला, "माझा डबा कुठाय गं?" मी म्हटलं, आणते. पुन्हा फोन आला, "डबा आण की माझा." आणि मी, तुम्हाला खरं सांगते, मी जरा वैतागले. घरी दहा डबे आहेत, सून आहे, एका पोचा आलेल्या डब्यासाठी काय हे! फोन ठेवून दिला.

त्यांना डबा नको होता हो. त्यांना मी हवी होते. त्यांना ऐकायचं होतं. इतकी वर्षं जिनं वर्गाबाहेर बसून माझ्याकडून शाळा ऐकली, तिचे शेवटचे सगळे शनिवार मी कोरडे घालवले. आता मी रोज वर्गात मोठ्यानं वाचते आणि वाचून झालं की थांबते. कोणीतरी तो शब्द म्हणेल म्हणून थांबते. मुलं विचारतात, "बाई, काय झालं?" काय सांगू त्यांना?

काल फोनवर सोपानभाऊ म्हणाले, "हिरा, ठेव डबा तुझ्याकडे, आईची आठवण." नाही, भाऊ. मी नाही ठेवणार. हा काही माझा नाही. तसा काकूंचाही नव्हता. कुण्या पार्वतीचा आहे, तिचं भलं होवो. हा रांगेत राहू दे. येत्या शनिवारी वसतिगृहातली एखादी मुलगी टोपली न्यायला येईल, तेव्हा मावश्यांनो, ह्या डब्यात काहीतरी घालून तिला द्या. आणि परत आणेल तेव्हा तिच्याकडून वाचून घेतल्याशिवाय तिला सोडू नका. गिऱ्हाईक थांबलं तर थांबू दे.

आणि टोपली भवानीच्या आधी. विसरू नका.

डबा मी रिकामा आणलेला नाही. आत कागद आहे. माझ्या वर्गातल्या ज्या मुली यंदा आई-बापाबरोबर कामाला खाली गेल्या नाहीत, पाड्यावर राहिल्या, शाळेत राहिल्या, त्यांची नावं. गावानं आळीपाळीनं त्यांना जेवायला घातलं म्हणून राहिल्या. हे काकूंना सांगायचं होतं. दिवाळीपासून सांगायचं होतं.

आपण सगळे उभे राहू या. मी नावं वाचते, काकूंना ऐकू जातील अशी, मोठ्यानं.

सुमन. जया. लक्ष्मी. भारती. मंगला. छोटी सुमन. कमळ. आणि यमुना. हो काकू, तुमच्याच नावाची एक आहे माझ्याकडे, दुसरीत आहे. तिला मी सोडणार नाही.

झालं वाचून. आता झाकण लावते.

ह्यानंतर काकू एक शब्द म्हणायच्या. तो आज कोणीही म्हणू नका. त्यांची तेवढी जागा आपण सगळे मिळून शांत ठेवू.