सुरेल अलार्म

...आणि वर मलाच म्हणतात, "तुझ्या कर्नलमध्येच घाण आहे!" आता तुम्हीच सांगा, आमच्या कारखान्यात बनतो औषधाचा पंप, पेशंटच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारा, थेंब चुकला की माणूस गेला! त्या पंपाच्या पोटात एक चिप, चिपमध्ये टायमर, तो ठोके देणार आणि त्या ठोक्यांवर माझा कर्नल, म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम, सगळ्यांना कामं वाटून देणारा मुकादम समजा, तो ओरडणार, "मोटर, तू फिर! पडदा, तू आकडे दाखव!" ठोका बिघडला की सगळंच बिघडलं.

तर चाचणी चाललेली, औषधाऐवजी पाणी. पंप गुणी बाळासारखा थेंबथेंब सोडतोय, आणि मध्येच अंगात आल्यासारखी मोटर गरगरते नि सिरिंज रिकामी! पेशंट असता तर नातेवाइकांना फोनच करायचा! मी नोंदी उपसल्या... सगळं वेळेवर! घरी नवऱ्यापुढे रडले, तर हा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणतो, "बंद करून चालू केलंस का?" एवढा विद्वान माझ्याच वाट्याला यावा! आणि वर मलाच म्हणतो, "चिडतेस काय?"

शेवटी टायमरचे ठोके पडद्यावर दाखवणारं यंत्र जोडलं आणि औषध अडलं तर काय होतं ते बघायला पंपाची नळी बोटाने दाबून धरली. पंपाने अलार्म दिला, आणि अलार्म सुरू होताच ठोके जे धावत सुटले! अलार्म कुणाचा? जावईबापूंचा! मालकांनी मुलीबरोबर अलार्मचं कामही त्यांनाच देऊन टाकलेलं. साधं पीं-पीं वाजवायचं, तर म्हणाले, "पेशंटला कसं प्रसन्न वाटलं पाहिजे," आणि बसवली धून! सूर वर न्यायचा तर टायमर जलद करायचा, पण कुठला? माझाच! शेजारी दुसरा टायमर रिकामा बसलाय, पण नाही, बसायचं ते माझ्याच मांडीवर! म्हणजे बघा हं, पेशंट अडचणीत, म्हणून अलार्म गातोय, गातोय म्हणून ठोके धावतायत, म्हणून मोटर धावतेय, म्हणून पेशंट आणखी अडचणीत... आणि कर्नलचं घड्याळच ते, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं वेळेवर! मरणसुद्धा वेळेवर!

पळत गेले मालकांकडे. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर पंप बघायला येणार होते. मालक घसा खाकरून म्हणाले, "आधी दाखवून तर टाकू, दुरुस्त काय, नंतर करू." आणि जावईबापू खुर्चीत गोल गोल फिरत, "मॅडमना संगीताचा कानच नाही हो." कान! इथे माणसाचा जीव जाणार आणि वर मलाच कान नाही! मी सरळ सिरिंज उचलली. म्हटलं, "मालक, हात पुढे करा. पहिला पंप तुम्हालाच लावू. सुई मी टोचते, धून हे वाजवतील."

असा हात मागे घेतला त्यांनी! जावईबापू म्हणतात कसे, "लावून बघा ना बाबा, मी सूर खालचा ठेवतो." सासऱ्याने एकदा सुईकडे बघितलं, एकदा जावयाकडे... कारखाना आपल्यामागे कुणाला जाणार हे एकदम आठवलं असावं, कारण घाम पुसत म्हणाले, "बदल बाई, काय बदलायचं ते बदल!"

बदललं. अलार्म शेजारच्या टायमरवर नेऊन बसवला. डॉक्टर आले, त्यांनी नळी दाबली, अलार्म गायला, मोटर मुकाट थांबली, पाणी जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला. आणि डॉक्टर काय म्हणाले? "वा! अलार्म काय गोड आहे हो!"

जावईबापू लाजले! मालकांनी तिथल्या तिथे त्यांना विभागप्रमुख केलं, माझ्याच डोक्यावर! आणि वर मलाच विचारतात, "एवढंसंच बदलायचं होतं, तर इतके दिवस करत काय होतीस?"

आता हे आमचे नवे साहेब नवी धून बसवतायत, पेशंट गेल्यावर वाजायची. गंभीर, भावपूर्ण वगैरे. परवा माझ्या टेबलाशी आले, "मॅडम, या वेळी तुम्हाला विचारूनच करतो. कुठला टायमर घेऊ?"

म्हटलं, घ्या हो हवा तो... तेव्हा कुठे कुणाला घाई असणार आहे!