अजातशत्रू म्हणू नका

अध्यक्षमहाराज, सीताअक्का आणि जमलेली मंडळी,

मला बोलायचं नव्हतं. श्रीनिवासरावांबद्दल चांगलं बोलणं मला ते असतानाही जमलं नाही. पण आधी बोलले त्या प्रत्येकानं त्यांना अजातशत्रू म्हटलं, म्हणून उठले.

मी होते त्यांची शत्रू. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात आमची टेबलं शेजारी. एकदा पोरींसमोर त्यांनी मला विचारलं, "बाई, शंख कुठला आणि गोटा कुठला, एवढं तरी कळतं ना?" त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. हसू नका. तो राग अजून गेलेला नाही.

दर सुट्टीला हे गृहस्थ बेंगळूरहून घाट उतरून कारवारकडच्या एका खाडीवर जायचे. ओहोटी लागली की त्याच त्या खडकांवर वाकून बघायचे. कालवं जिवंत आहेत का, खेकडे कुठवर येतात, शेवाळ कसं आहे. घरी सीताअक्का वैतागायच्या, तर म्हणायचे, "आजाऱ्याला एकदाच बघून चालतं का?"

मग खाडीच्या काठी कारखाना आला. त्याच्या सांडपाण्याखालची कालवं मेली. श्रीनिवासरावांनी तसा अहवाल दिला. विभागप्रमुख, म्हणजे आजचे आपले अध्यक्ष, म्हणाले, उन्हानं मेली असतील. आणि त्यांनी मला तपासायला पाठवलं. मलाच का? मी श्रीनिवासरावांना खोटं पाडीन म्हणून!

मी गेले. कारखान्याच्या सांडपाण्याच्या मोरीच्या एका अंगाला कालवं जिवंत, दुसऱ्या अंगाला नुसती उघडी शिंपली. ऊन काय एकाच अंगाला पडतं? कालवं काढून पोट भरणाऱ्या बायका तिथं रस्त्याची खडी फोडत बसल्या होत्या.

परत आले. श्रीनिवासरावांना म्हटलं, "तुमचं बरोबर आहे."

"ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मला काय सांगता? त्यांना सांगा."

एक गोड शब्द नाही! तरी मी सांगितलं. याच अध्यक्षमहाराजांना, त्यांच्या खोलीत. ते म्हणाले, "सरी, सरी, बरं आहे. स्वल्प सबुरीनं घ्या, बाई." दोन्ही अहवाल कपाटात गेले. श्रीनिवासरावांकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. समुद्र बघणाऱ्या माणसाला बेडकांच्या बरण्या पुसायला बसवलं. मी भांडले. तुमच्यापैकी कोण आलं माझ्या बाजूनं? या पुढच्या रांगेतलं कोण आलं? शेवटी श्रीनिवासरावांनी राजीनामा यांच्या तोंडावर फेकला आणि स्वतःच्या जिवावर त्या खाडीला जात राहिले. गेल्या आठवड्यात हृदय बंद पडेपर्यंत.

आता शोकप्रस्ताव वाचायचाय. मी तो दारातच वाचला. त्यात लिहिलंय, "प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी समाधानानं निवृत्ती घेतली."

कुणाचं समाधान, अध्यक्षमहाराज?

सीताअक्का इथं बसल्या आहेत. त्यांच्यासमोर हे वाचणार? ते वाक्य खोडा. आत्ता, इथंच. पेन नसेल तर माझं घ्या. तुम्ही खोडेपर्यंत मी इथून हलणार नाही आणि स्तब्धतेला कुणी उभंही राहायचं नाही.

...खोडलंत? अक्कांना दाखवा.

हं. आता उठा सगळे.

श्रीनिवासराव, आपलं कधी जमलं नाही. नमस्कार करते.